चाळीत ठेवलेली गाडी

"सर, कसारा घाट चढायला किती युनिटं लागतील?"

रात्रीचे साडेदहा वाजले होते. फाटकाची कडी वाजली तेव्हाच भाऊसाहेब आले हे मी ओळखलं होतं. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत इतक्या रात्री घाट चढायला दुसरं कोण निघणार? पस्तीस वर्षं मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण स्थितिज ऊर्जेबद्दल इतक्या कळकळीनं एकाही पोरानं विचारलं नव्हतं. मी कागद ओढला. गाडी अडीच टनांची, वर माणसं आणि वहिनींच्या पिशव्या. मुंबई समुद्राच्या काठाला, नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचावर. गुणाकार-भागाकार उरकून सांगितलं, "नुसत्या चढाची साडेचार. इकडचं तिकडचं धरून पाच-सहा म्हणा. एका प्लेट मिसळीचे पैसे."

"आन् उतरताना?"

"उतरताना मोटार उलटं काम करते. त्यातली बरीचशी वीज बॅटरीत परत जमा होते."

भाऊसाहेबांनी डोळे मिटून मनातल्या मनात घाट उतरून पाहिला. मग खिशातून वही काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि लिहिलं : 'मुंबईला जाताना नफा, घरी येताना तोटा.' हे वाक्य त्यांनी 'घेऊ नये' या रकान्यात टाकलं.

गाडी घेतलेला माणूस नाशकात लांबून ओळखू येतो. हारातली झेंडूची सुकलेली फुलं तो पंधरा दिवस बॉनेटवरून काढत नाही. गाडी न परवडणाराही ओळखू येतो, कारण त्याला सगळ्या गाड्यांचं मायलेज पाठ असतं. या दोघांच्या मधे एक तिसरी जात आहे, 'घेणार आहे'वाल्यांची. पैसा आहे, बुकिंग झालेलं आहे, घरच्यांचा विरोध थकलेला आहे आणि गाडी मात्र येत नाही. आमच्या एका कॉलनीत असे तीन आहेत. भाऊसाहेब त्यांतले सगळ्यांत ज्येष्ठ.

भाऊसाहेब मूळचे सिन्नर तालुक्यातले. कांदा, टोमॅटो, दोन विहिरी आणि चार भावांत सहा मतं, असं घर. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आखला गेला आणि त्याची रेघ नेमकी यांच्या वावरातून गेली. आधी मोर्चा झाला, मग मोजणी झाली, मग मोबदला आला. मोबदल्यातून काहींनी दारात गाडी आणली आणि दोन वर्षांत वावरही नाही, गाडीही नाही अशी गत करून घेतली. भाऊसाहेब त्यांतले नव्हेत. त्यांनी आधी दिंडोरीकडे जमीन घेतली, मग नाशकात बंगला बांधला, पोराला पुण्यात शिकवलं आणि मगच स्वतःच्या हौसेकडे पाहिलं.

हौस तशी जुनीच. राजदूतपासून सुरुवात. मग कमांडर, बोलेरो, स्कॉर्पिओ. स्कॉर्पिओचा त्यांना विशेष जिव्हाळा, कारण ती आपल्या सातपूरच्या कारखान्यातली; म्हणायचे, गावातलीच मुलगी केली की माहेरचं कोणी लांब नसतं. हल्ली दारात पांढरी फॉर्च्युनर आहे. तिचं डिझेल इंजिन सुरू झालं की आमच्या घरातल्या कपाटाची काच थरथरते आणि आमची ही म्हणते, "भाऊसाहेब निघाले वाटतं."

अशा माणसाला विजेच्या गाडीचं वेड पोरानं लावलं. २०२४च्या दसऱ्याला घरी आला आणि मोबाइलवर मर्सिडीजची ईक्यूएस दाखवून गेला. दीड कोटीच्या वरची गाडी. चाकणला जुळवलेली, एका चार्जिंगमध्ये ८५७ किलोमीटर जाते असं पुण्याच्या एआरएआयचं प्रमाणपत्र. भाऊसाहेबांनी पहिली शंका तिथंच काढली : "पुण्यात मोजलेत ना? मग आपल्याकडचे सहाशे धरा." पण मनात गाडी बसली. २०२२ साली त्या गाडीच्या कार्यक्रमाला नितीन गडकरी चाकणला आले होते आणि ही गाडी आपल्यालाही परवडणार नाही असं जाहीरपणे म्हणाले होते, हे कळल्यावर तर आणखीच बसली. सिन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या आयुष्यात असा योग किती वेळा येतो? दुसऱ्या दिवशी बुकिंगचे पैसे भरले. तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली.

ही वही मी पाहिली आहे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे 'घ्यावी', उजवीकडे 'घेऊ नये'. नोंदी तारीखवार. मार्च २०२५च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के मोटार वाहन कर सुचवला गेला. उजवीकडे नोंद : 'थांबा. नऊ-दहा लाखांचा फटका.' त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत हा कर मागे घेतल्याचं सांगितलं. डावीकडे नोंद : 'मागे घेतला. पण घाई का केली? पुन्हा लावतील.' आणि ही नोंद मग उजवीकडे बाण काढून नेलेली. मे महिन्यात राज्याच्या नव्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला, जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला. डावीकडे दुहेरी अधोरेखित : 'वावर आपलं, रस्ता त्यांचा, टोल कुणालाच नाही.' त्या रात्री गाडी जवळजवळ आलीच होती. पण जुलैत बीकेसीत टेस्लाचं दुकान उघडलं, साठ लाखांच्या आसपास गाडी. नोंद : 'दीड कोटीत दोन येतात. वरून मिसळीचे सुटतात.' सप्टेंबरात जीएसटी बदलला. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर उपकर धरून पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा कर चाळीसवर आला, इलेक्ट्रिकचा पाचच राहिला. इथं भाऊसाहेबांनी चक्क दोन दिवस वही मिटून ठेवली. म्हणाले, "सर, सरकार दोन्हीकडून बोलवतंय. असं झालं की शेतकऱ्यानं बांधावर बसायचं असतं."

मधल्या काळात गुढीपाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, दसरा गेला, बलिप्रतिपदा गेली. साडेतीन मुहूर्त संपूर्ण वापरून झाले.

लोक त्यांना चेंगट म्हणतात. मला ते पटत नाही. हा माणूस कांद्याच्या चाळीत वाढलेला आहे, आणि तिथं काय चालतं हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. उन्हाळ कांदा एप्रिलात निघतो. तो लगेच विकला तर भाव पडलेला. मग चाळीत भरायचा आणि दिवाळीपर्यंत रोज सकाळी उठून ठरवायचं, आज काढू का उद्या. उद्या भाव वाढेल, पण उद्या चार कांदे सडतील. त्यातून डिसेंबर २०२३मध्ये झाली तशी निर्यातबंदी एका रात्रीत येते, पुढच्या मेमध्ये उठते, तर शुल्क बसतं, मग तेही कमी होतं. कांद्यावरचं वीस टक्के निर्यातशुल्क काढल्याची बातमी आणि गाड्यांवरचा सहा टक्के कर मागे घेतल्याची बातमी एकाच आठवड्यात आली, हे त्या वहीतच मी वाचलं. भाऊसाहेबांच्या लेखी दोन्ही एकच खातं. ज्यानं तीस वर्षं बाजारभावाच्या अंदाजावर दहा-दहा ट्रक माल थोपवून धरला, त्याला शोरूममधला कालचा पोरगा सांगतो, "सर, ऑफर थर्टी-फर्स्टपर्यंतच आहे." भाऊसाहेब त्याच्याकडे फार प्रेमानं पाहतात.

त्यांना खरी भीती सडण्याची आहे. "बॅटरी दर साली सुधारतेय. म्हणजे आज घेतलेली परवा जुनी. लोखंड गंजतं, दिसतं तरी. हिचं सडणं दिसत नाही." मोठ्या विजेच्या गाड्यांचा जुन्या बाजारात भाव लवकर उतरतो, हे खरंच आहे. पण 'पुढं आणखी चांगली येईल' या न्यायानं थांबलो असतो तर आपल्यापैकी कुणाचंच लग्न झालं नसतं, असं मी म्हटलं. भाऊसाहेबांनी आत वहिनींच्या दिशेनं पाहिलं आणि विषय बदलला.

टेस्ट ड्राइव्हला त्यांनी मला सोबत नेलं. ठरलं, मखमलाबादकडे जाऊन चुलीवरची मिसळ खायची आणि परत. गाडी दारात आली ती कळलीच नाही. कपाटाची काच हलली नाही. दाराच्या कड्या आत गेलेल्या होत्या. जवळ गेल्यावर त्या आपोआप बाहेर आल्या, तशी भाऊसाहेबांनी दचकून "नमस्कार" म्हटलं. गाडी पाण्यावरून होडी जावी तशी निघाली. आनंदवल्लीला नवश्या गणपतीच्या दिशेनं हात जोडेपर्यंत ते खुशीत होते. पुढं रस्त्यात एक गाय बसली होती. फॉर्च्युनरच्या नुसत्या गुरगुरण्यानं नाशकातल्या गाई उठतात, निदान उठण्याचा विचार करतात. ही गाय हलेना. तिच्या दृष्टीनं तिथं काही आलेलंच नव्हतं. शेवटी भाऊसाहेब खाली उतरले, गायीच्या पाठीवर थाप मारून तिला उठवलं आणि परत येऊन बसले. शोरूमच्या पोरानं विषय बदलावा म्हणून मसाजचं बटण दाबलं. पाठीत काहीतरी हललं तसे भाऊसाहेब म्हणाले, "राहू दे. आता गायीला उचलून आलो."

पुढं एक स्पीडब्रेकर होता. तो कुणी घातला, कधी घातला, हे त्या गावालाही ठाऊक नसेल. पोरगा म्हणाला, "सर, एक बटण दाबलं की गाडी वर उचलली जाते." दाबलं. गाडी सावकाश उठली, उंटासारखी. तेवढ्यात मागून आलेला टेम्पो दोनदा हॉर्न मारून, एकदा भाऊसाहेबांकडे पाहून पुढं गेला. भाऊसाहेब पुटपुटले, "रस्त्यानं बसायचं का आपण उठायचं, हे एकदा ठरलं पाहिजे." सिंहस्थ २०२७चा आहे, तोवर रस्ते होतील, झाल्यावर घेऊ, ही उजव्या रकान्यातली नोंद त्याच संध्याकाळची.

पण खरा घाव मिसळीच्या दारात बसला. दीड कोटींची गाडी येऊन उभी राहिली आणि एकाही माणसानं पाव खाली ठेवून मान वळवली नाही. कशी वळवणार? आवाजच नाही. सगळे तर्रीत बुडालेले. आमचं उतरणं झालं, बसणं झालं, पापड आला, तरी कुणी "कुठली हो गाडी?" विचारेना. भाऊसाहेब दोनदा उगाच उठून गाडीपर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा जाताना एक माणूस त्यांच्याकडे आला. त्यांचा चेहरा उजळला. तो माणूस म्हणाला, "दादा, जरा पुढं घ्या ना, माझी ॲक्टिव्हा अडकलीय."

येताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, हिचं बॉनेट उघडून दाखव म्हटलं पोराला." ती एक वेगळीच कथा. या गाडीचं बॉनेट मालकानं उघडायचं नसतं. ते फक्त सर्व्हिसवाले उघडतात. काच धुण्याचं पाणी भरायला बाजूला एक छोटीशी झडप दिली आहे. भाऊसाहेबांना हे दोनदा सांगावं लागलं. पुरुषाच्या जन्माला येऊन, स्वतःच्या पैशानं गाडी घेऊन, रस्त्याच्या कडेला बॉनेट वर करून, कमरेवर हात ठेवून आत बघत उभं राहायचं नाही? आत काय आहे ते कळत नसलं तरी बघायचं असतं. चार माणसं जमतात, कुणी 'कार्ब्युरेटर' म्हणतो, कुणी 'वायर' म्हणतो, ओळखी निघतात, एखादं लग्नही जुळतं. "म्हणजे आयुष्यभर हिला पाणी पाजायचं आन् तोंड बघायचं नाही," असं म्हणून त्यांनी झडपेचं प्रकरण बंद केलं.

त्यांचे साडू मायकोतून निवृत्त झालेले. कंपनीचं नाव बॉश होऊन जमाना झाला, पण नाशकात ती मायकोच आणि तो चौक मायको सर्कलच. साडूंचं सगळं आयुष्य डिझेल इंजिनाच्या नोझलमध्ये गेलं. त्यातल्या बारीक भोकांविषयी ते तासभर बोलू शकतात आणि बोलतात. विजेच्या गाडीचं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर, घरच्या मुलीनं परस्पर लग्न ठरवल्याचं दुःख येतं. "भाऊसाहेब, त्यात नोझल नाही," एवढंच ते म्हणतात. या युक्तिवादाला उत्तर नाही. वहीत तो जसाच्या तसा नोंदवलेला आहे, आणि रकाना मात्र रिकामा ठेवलाय.

कपालेश्वराचंही एकदा झालं. रामकुंडाजवळच्या या मंदिरात महादेवापुढं नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटायचा मार्ग नंदीनं दाखवला, म्हणून महादेवानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू नकोस म्हटलं, अशी आख्यायिका. भाऊसाहेब एका सोमवारी दर्शन घेऊन सरळ माझ्याकडे आले. "सर, नाशकात देवानंसुद्धा वाहन दाराशी ठेवलं नाही." मी म्हटलं, "भाऊसाहेब, त्यानं बुकिंगही केलं नव्हतं."

आणि तरी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, कारण त्यांनी तालीम केली. गाडी नसताना चार्जिंगची तालीम. पोरानं सांगितलं होतं की लांबच्या प्रवासात मधे जलद चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत भरून निघायचं, अर्धा-पाऊण तास धरायचा. शंभरचा नाद करायचा नाही, शेवटचे वीस टक्के फार हळू चढतात. ("ऐंशीच का भरायची? आमच्यात पोतं शिवताना अर्धं सोडत नाहीत.") मग भाऊसाहेबांनी काय करावं? संभाजीनगरला लग्नाला जाताना त्यांनी डिझेलच्या फॉर्च्युनरची टाकी भरलेली असताना वैजापूरच्या अलीकडे एका हॉटेलापाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं. वहिनींनी विचारलं, "अहो, काय झालं?" तर म्हणाले, "चार्जिंग चालू आहे." पहिल्या दहा मिनिटांत चहा झाला. मग भजी. मग मिरचीची भजी. विसाव्या मिनिटाला त्यांनी हॉटेलवाल्याच्या भावकीतलं भांडण मिटवलं. पंचविसाव्याला वहिनींनी समोरच्या हातगाडीवरून दोन किलो मटार घेतला आणि गाडीत बसून सोलायला लागल्या. पस्तिसाव्या मिनिटाला लग्नघरून फोन आला, "कुठवर आलात?" भाऊसाहेब म्हणाले, "बहात्तर टक्के."

मंगलाष्टकं चुकली. पण मटार सोलून झाला. वहिनींचं मत त्या दिवसापासून बदललं. त्या आता विजेच्या गाडीच्या बाजूनं आहेत.

एक गोष्ट मी त्यांना तोंडावर सांगितलेली नाही, इथं लिहितो. या वर्षभरात भाऊसाहेबांना गाडीनं जेवढं सुख दिलं, तेवढं गाडी आल्यावर देणार नाही. आज सिन्नरला गेले की पारावरचा माणूस विचारतो, "काय भाऊसाहेब, आली का नाही?" लग्नात, दशक्रियेला, बाजार समितीत, सगळीकडे त्यांची ओळख 'दीड कोटीची गाडी घेणारे' अशी होते. आल्यावर काय होईल? लोक एकदा बघतील, दोघं बसून पाहतील, तिसरा म्हणेल, "आवाज नाय व हिला." मग दुसऱ्या कुणाची तरी दोन कोटींची यायची बातमी येईल. दारात उभी राहिलेली गाडी रोज थोडी उतरते. ठरवत असलेली गाडी अजून एक रुपयानंही उतरलेली नाही. तिचा विमा नाही, हप्ता नाही, टायर झिजत नाहीत. भाऊसाहेबांना हे कळत असावं. ते हिशेबाला पक्के आहेत.

मधेच त्यांनी एक पाऊल मात्र उचललं. घरी चार्जर लागणार, साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर एवढी बॅटरी भरायला दीड दिवस लागेल, हे मीच त्यांना काढून दिलं होतं. अकरा किलोवॅटचा चार्जर असला तर रात्रभरात काम होतं. पण त्याला थ्री फेज लागतं. भाऊसाहेबांनी अर्ज केला, भार वाढवून घेतला, जाड केबल टाकली, पोर्चच्या भिंतीला चौकोनी फळी ठोकली, वर गणपतीची फरशी लावली. इलेक्ट्रिशियननं नारळ फोडला. सगळी कॉलनी पेढे खाऊन गेली. फक्त गाडी नव्हती.

तीन महिने ती फेज तशीच राहिली. एखादी वस्तू बिनकामाची दिसली की वहिनींना झोप येत नाही. त्यांनी भावाला फोन केला. पुढच्या रविवारी सिन्नरहून पिकअप आला, त्यातून तीन फेजवर चालणारी मोठी दगडी गिरणी उतरली आणि नेमकी गाडीच्या जागी, पोर्चमध्ये, गणपतीच्या फरशीखाली बसली. फॉर्च्युनर आता रस्त्यावर लिंबाखाली असते. भाऊसाहेबांनी वहीत त्या दिवशी काय लिहिलं ते मला माहीत नाही, मी मागितली तर म्हणाले, "तुमच्या वहिनींकडे आहे, दळणाचा हिशेब मागच्या पानांवर चालू केलाय."

परवा रात्री पुन्हा कडी वाजली. साडेदहाच. मला वाटलं, आता उतारावरच्या वाऱ्याचा रोध विचारणार. भाऊसाहेब म्हणाले, "सर, बाजरीला किती युनिटं पडतात हो किलोमागं? गव्हाच्या दरात परवडंना."

बुकिंग अजून रद्द केलेलं नाही. गिरणी सकाळी आठ ते अकरा चालू असते, मंगळवारी बंद. डबा झाकणासकट आणावा, त्यावर नाव लिहावं; आणि वहिनींसमोर गाडीचा विषय काढू नये, त्या नादात पीठ जाड येतं.